आधी हात, मग खरारा

दिवाळी सरली की कन्नड तालुक्यात मक्याची रानं मोकळी होतात आणि त्या रानांत धनगरांचे वाडे उतरू लागतात. शेतकऱ्याला खत हवं असतं, मेंढ्यांना चारा हवा असतो, म्हणून चार-आठ रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, हा जुना व्यवहार आजही चालतो. वाड्याचं सगळं बिऱ्हाड असतं घोड्यावर: घोंगड्या, भांडी, वाघर, नुकतीच जन्मलेली कोकरं, दमलेलं लहान मूल. शिऊर, देवगाव रंगारीकडून पिशोर, चिंचोलीकडे, तिथून घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला असा हा घोडा महिनोन्‌महिने चालतो. तालुक्यात दुसरे घोडे आहेत ते लग्नसराईचे. वरातीच्या घोडीवर एका कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न उभं असतं. आणि अलीकडे सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून हौसेनं घोडं आणून शेतात बांधणारी तरुण मंडळीही वाढली आहेत. या तिघांच्याही घोड्याला वाटेत एक गोष्ट हमखास भेटते, ती म्हणजे काटा.

काट्यानं घोडा लंगडला तर बहुतेकांना त्यात फार विशेष वाटत नाही. बैलाला काटा लागतो, माणसाला लागतो, काढला की संपलं. घोड्याच्या बाबतीत मात्र असं म्हणून चालत नाही, त्याला दोन कारणं आहेत. धनुर्वाताच्या जंतूच्या विषाला पाळीव जनावरांत घोड्याइतकं हळवं दुसरं कोणी नाही. आणि घोड्याच्या पायात गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी, तिच्याखाली शिरा आणि हाडं, त्यांच्यामध्ये सांध्यांच्या पाणी भरलेल्या पिशव्या. माणसाच्या पोटरीत जो काटा नुसता मांसात जाऊन थांबेल, तोच घोड्याच्या पायात थेट सांध्यात शिरू शकतो. म्हणून काटा किती लांब आहे यापेक्षा तो कुठं रुतला आहे, याला महत्त्व. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ठेवा.

आधी आपल्या रानातले काटे ओळखून घेऊ, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. बाभळीचा काटा पांढरा, सरळ, जोडीनं येणारा. वाळला की सुईसारखा कडक होतो, चपलेच्या तळातून आणि सायकलच्या टायरमधून आरपार जातो. शेताच्या कडेला जनावरं येऊ नयेत म्हणून तोडलेल्या बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या टाकतात. ओल्या फांदीपेक्षा ही वाळकी फांदी जास्त वाईट, कारण तिचा काटा आत जातो आणि देठाशी मोडतो. बोरीला एक काटा सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा असतो. हा वाकडा काटा सरळ ओढला की कातडी फाडतो. खैराचे काटेही असेच आकड्याचे. हिंगणबेटाचा काटा हिरवट, जाड आणि बोटभर लांब. ओढ्यानाल्यांच्या काठानं माजलेल्या वेड्या बाभळीचा काटा लागला की जागा फार सुजते आणि ठणका कित्येक दिवस राहतो. सराटा जमिनीवर पसरतो आणि खुराच्या मऊ भागात घुसून बसतो. गौताळ्याच्या डोंगराकडे, औट्रम घाटाच्या उतारांवर पावसाळ्यानंतर कुसळीचं गवत उभं असतं. त्याचं कुसळ ओलं झालं की वळतं, पिळतं आणि स्वतःच पुढं पुढं सरकत जातं, केसांतून कातडीत आणि कातडीतून मांसात. फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात तरी, पण त्यांच्या बुडाशी असलेली बारीक लव डोळ्यांना दिसत नाही आणि घोड्याच्या ओठांना, नाकाला चिकटली की तो दिवसभर तोंड घासत राहतो.

लग्नाच्या घोडीवाल्यांनी यात आणखी एक भर घालावी: टाचण्या आणि तारा. झूल, गोंडे, फुलांच्या माळा अंगावर बसवताना टाचण्या लावल्या जातात, सजावटीच्या चौकटीला बारीक तार असते. वरात संपल्यावर घाईत सामान उतरतं आणि एखादी टाचणी झुलीच्या अस्तरात राहून जाते. पुढच्या लग्नात घोडी उगाच उसळते, लोक म्हणतात फटाक्याला बुजली. आधी झूल उलटी करून तिच्या अस्तरावरून हात फिरवा.

आता रोजची गोष्ट. घोडा रानातून किंवा वाटेवरून आला की बहुतेक जण पहिल्यांदा खरारा हातात घेतात. हे उलटं आहे. खराऱ्याच्या दात्यांत काट्याचं बाहेर राहिलेलं टोक अडकतं आणि काटा कातडीच्या पातळीवर मोडतो. मग तो दिसतही नाही आणि चिमट्यात धरताही येत नाही. म्हणून आधी उघडा हात. मानेपासून सुरुवात करा, छाती, पुढच्या पायांची आतली बाजू, तंग बसतो ती जागा, पोट, मांड्या, आणि मग चारही पाय वरून खालपर्यंत, खुराच्या वरच्या कडेपर्यंत. एकदा केसांच्या दिशेनं, एकदा उलट्या दिशेनं. डोळे मिटून केलंत तर बोटांना जास्त कळतं. टोचणारं टोक, केसांत वाळलेला रक्ताचा थेंब, कोमट लागणारी जागा, हात लावल्यावर कातडी थरथरणं, यातलं काहीही सापडलं तरी तिथं थांबा. दोन्ही पायांची एकमेकांशी तुलना करा. डावा सांधा उजव्यापेक्षा गरम वाटतो का, भरल्यासारखा दिसतो का. नंतर चारही खूर उचलून तळवे साफ करून बघा. घोंगडी, खोगीर, तंग हेही झटकून, चाचपून ठेवा, कारण कुसळं आणि सराटे तिथं अडकून दुसऱ्या दिवशी वजनाखाली पाठीत घुसतात. शांत घोडा तंग आवळताना अचानक पाठ कमानीसारखी करू लागला, चावायला वळला, तर त्याला मारण्याआधी पाठीवरून हात फिरवा. वाड्यावर या घोड्यावर मूल बसलेलं असतं, हे विसरू नका.

काटा सापडला. तो मांसल जागी आहे, म्हणजे मानेवर, खांद्यावर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि त्याचं टोक बाहेर दिसतंय, तर तो घरी काढता येतो. एकट्यानं काढू नका. घोड्याच्या तोंडाशी त्याच्या ओळखीचा माणूस उभा करा, आणि काटा काढणारा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला तोही असू द्या. घोडा उसळला तर तोंड आपल्याकडे वळवलं की मागचा भाग आपोआप दूर जातो. दोरी हाताला गुंडाळू नका. काटा काढताना अगाडी-पिछाडी घट्ट बांधून ठेवणं धोक्याचं, दुखल्यावर तो दोरीशी झगडतो आणि काट्यापेक्षा मोठी जखम करून घेतो. आपण पायाशी बसायचं नाही, वाकायचं. केव्हाही बाजूला होता आलं पाहिजे. आधी मोबाईलवर जागेचा फोटो काढून ठेवा. पुढं डॉक्टरला दाखवायला हाच सगळ्यात उपयोगी पडतो.

भोवतीचे केस कात्रीनं बारीक करा. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घाला आणि त्या पाण्यानं जागा धुऊन काढा. हात साबणानं धुवा, चिमटा उकळून घ्या. काटा कातडीच्या जितक्या जवळ धरता येईल तितक्या जवळ धरा आणि ज्या तिरक्या दिशेनं तो आत गेला त्याच दिशेनं, सावकाश, एका ओढीत बाहेर काढा. हलवून सैल करायला जाऊ नका, तिथंच तो मोडतो. बोरीचा वाकडा काटा असेल तर त्याच्या वळणाप्रमाणं हात फिरवत काढा. निघालेला काटा टाकून देऊ नका. त्याचं टोक अखंड आहे का, ते बघा. टोक बोथट, तुटल्यासारखं दिसलं तर तुकडा आत राहिला आहे असं समजा. काटा कागदात गुंडाळून ठेवा.

मग जखम पुन्हा त्याच मिठाच्या पाण्यानं वाहती धुवा. पोव्हिडोन आयोडीन मेडिकलच्या दुकानात मिळतं. ते पाण्यात इतकं पातळ करा की रंग फिकट, बिनदुधाच्या चहासारखा दिसेल, आणि त्यानं जागा पुसा. थोडं रक्त येऊ द्या, ते आतली घाण बाहेर आणतं. छिद्र बंद करायचा प्रयत्न करू नका. काट्याची जखम वरून बारीक आणि आत खोल असते. वरचं तोंड मिटलं की आत हवा पोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूला नेमकी अशीच जागा लागते.

निवडुंगाची बारीक लव चिमट्यानं निघत नाही. ती कोरड्या ओठांवर चिकटपट्टी दाबून, उपटून काढा; दोन-तीनदा नवी पट्टी घ्या. हातात मोजे घाला, नाहीतर ती लव तुमच्या बोटांत येईल. कुसळं तोंडातही घुसतात. चांगला खाणारा घोडा तोबरा पुढं ठेवूनही चघळून चघळून टाकत असेल, लाळ गळत असेल, तर जिभेखाली, हिरड्यांत आणि ओठांच्या आतल्या बाजूला बघा. कुसळं वाळल्या चाऱ्यातून आली असतील तर तो चाराच बदला.

काटा काढायचा नाही, अशा जागा आता सांगतो. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोडे इथं वाया जातात.

सांध्याजवळचा काटा. गुडघा, मागच्या पायाचा ढोपरासारखा वाकणारा मोठा सांधा, खुराच्या वरचा गोल सांधा, खुराच्या वरची कडा, आणि पायाच्या मागच्या बाजूनं दोरीसारख्या जाणाऱ्या शिरा. या जागांपासून चार बोटांच्या आत कुठंही काटा दिसला किंवा नुसतं छिद्र दिसलं तरी ते डॉक्टरचं काम आहे. सांध्याच्या पिशवीत जंतू गेले की पहिल्या काही तासांत सांधा धुऊन काढला तर घोडा बरा होऊ शकतो. दोन-तीन दिवस गेले तर सांध्याची गादी खराब होते आणि ती पुन्हा येत नाही. ओळखायचं कसं? सकाळी थोडा लंगडणारा घोडा संध्याकाळपर्यंत पाय टेकेनासा होतो. सांधा फुगतो, गरम लागतो. छिद्रातून पिवळसर, तेलासारखं चिकट, बोटांत ओढलं तर तार निघणारं पाणी येतं. हे पाणी दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका. उलटंही होतं, आणि तेच फसवं असतं: सांध्यातून पाणी वाहत असताना आतला दाब कमी असतो, म्हणून पहिल्या दिवशी घोडा जवळजवळ सरळ चालतो आणि मालक निश्चिंत होतो. इंग्लंडात काटेरी झुडपांच्या कुंपणांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांत तर इवल्याशा काट्यानं सांधा टम्म सुजणं इतकं नेहमीचं आहे की तिथले पशुवैद्यक अशा लंगडण्यात पहिला संशय काट्याचाच घेतात.

तळव्यातला काटा. खुराच्या तळव्यात मधोमध तिकोनी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याला पुतळी म्हणतात. पुतळीत किंवा तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काटा किंवा खिळा शिरला तर त्याची वाट थेट खुराच्या आतल्या सांध्याकडे आणि मुख्य शिरेकडे जाते. तो बाहेरून दिसत असेल तर ओढून काढू नका. खिळा असेल तर तो आत असतानाच एक्स-रे घेतला की किती खोल गेला ते नेमकं कळतं. पण दवाखाना लांब आहे, घोडा पाय टेकतोय आणि प्रत्येक पावलाला काटा आणखी आत जातोय, असं असेल तर काढणंच शहाणपणाचं. तेव्हा फोटो काढा, काट्याची दिशा बघून ठेवा, काढल्यावर किती लांबी आत होती तिथं काट्यावर खूण करा, आणि तळव्यावरच्या छिद्राभोवती मार्करनं गोल काढा. पुतळीतलं छिद्र काटा निघताच मिटून जातं, नंतर डॉक्टरलाही सापडत नाही. मग आयोडीनच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवून वरून लहान मुलाचा डायपर बसवा आणि रुंद चिकटपट्टीनं खुराला गुंडाळा, वर कातडीवर पट्टी आवळू नका. नालबंदाला जागा खोलवर कोरायला सांगू नका. तो आपल्या कामात कितीही तरबेज असला तरी पुतळीतली जखम किती खोल आहे हे वरून त्यालाही दिसत नाही.

डोळ्यातला किंवा पापणीतला काटा, कुसळ. घोडा डोळा मिटून धरतो, पाणी वाहतं. त्याला सावलीत, अंधाऱ्या जागी बांधा, डोळा खांबाला घासणार नाही असं बघा, आणि डॉक्टर बोलवा. घरात पडलेली माणसांच्या डोळ्यांची औषधं घालू नका. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं, आणि बुबुळावर ओरखडा असताना स्टेरॉइड गेलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. छातीत, बरगड्यांमध्ये किंवा पोटाखाली जाड खुंट किंवा फांदी घुसली असेल तर तीही उपटायची नाही. बाहेर आलेला भाग हलणार नाही असा कापडानं आधार द्या आणि घोडा चालवू नका.

आता धनुर्वात. याचा जंतू मातीत असतो, शेणखतात असतो, घोड्याच्या स्वतःच्या लिदीत असतो. म्हणजे ज्या जागी घोडा बांधला आहे, तिथं तो आहेच. खोल, अरुंद, मिटलेल्या जखमेत तो वाढतो आणि विष सोडतो. लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर काट्याची जखम भरून आलेली असते आणि कोणाच्या लक्षातही नसते. पहिली खूण डोळ्यात दिसते: कपाळावर हलकी थाप मारली किंवा तोंड वर उचललं की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा बुबुळावर सरकतो. चाल लाकडासारखी ताठ होते, वळायला सांगितलं की अख्खं अंग वळवतो. शेपूट वर उचललेली राहते, कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, जबडा उघडत नाही, खाणं पुढं असून खाता येत नाही. टाळी वाजली, भांडं पडलं तरी सगळं अंग आखडतं. इथपर्यंत गेलेले निम्म्याहून जास्त घोडे दगावतात, आणि जे वाचतात ते आठवडेच्या आठवडे अंधारात, शांततेत, माणसाच्या अखंड सेवेवर वाचतात.

हे सगळं एका लशीनं टळतं. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, नंतर वर्षातून एकदा. गाभण घोडीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डोस दिला तर शिंगराला पहिल्या चिकातून संरक्षण मिळतं. लस घेतलेल्या घोड्याला काटा लागला आणि शेवटच्या डोसाला सहा महिने उलटून गेले असतील तर एक जादा डोस द्यायचा. कधीच लस न दिलेल्या घोड्याला नुसती लस पुरत नाही, कारण तिचा असर यायला दोनेक आठवडे लागतात. त्याला विष निष्प्रभ करणारं तयार सीरम त्याच वेळी द्यावं लागतं. हा निर्णय डॉक्टरनं घ्यायचा, पण विचारायचं आपण. धनगर बांधवांना एक खास विनंती. आषाढी झाली की वाडे पुन्हा आपापल्या गावी परततात, तेव्हा मेंढ्यांच्या लसीकरणाला डॉक्टर येतातच. त्याच दिवशी घोड्याचाही विषय काढा. भीमेच्या खोऱ्यातल्या ज्या भीमथडी घोड्यांच्या जोरावर मराठ्यांच्या फौजा चालल्या, त्यांचे वंशज आज मुख्यतः धनगरांच्या बिऱ्हाडामागं टिकून आहेत. त्यांची स्वतंत्र जात म्हणून आता देशपातळीवर नोंद झाली आहे. एवढा दणकट, कमी खाऊन जास्त चालणारा घोडा एका काट्यासारख्या कारणानं जाणं मला फार जिव्हारी लागतं.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. काटा वर यावा म्हणून रुईचा चीक लावतात. माणसाच्या तळपायाला लोक तो लावत आले आहेत, पण घोड्याची कातडी पातळ असते, चिकानं ती भाजते, आणि घोडा ती जागा तोंडानं चाटतो किंवा डोळा तिथं घासतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ खराब होतं. बिब्बा लावणं, तापलेल्या लोखंडाचा डाग देणं हे दोन्ही बंद करा. डागानं सूज उतरत नाही, फक्त जखमेवर दुसरी जखम होते. रॉकेल, फिनाईल, टर्पेंटाइन, स्पिरिट, फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, यांतलं काहीही उघड्या जखमेत ओतू नका; जंतूंबरोबर ते भरून येणारं मांसही मारतात. बाभळीच्याच काट्यानं कोरून काटा काढायची सवय आहे, ती घोड्यावर नको. हळद वरवर लावली तर बिघडत नाही, पण ती छिद्रात कोंबून तोंड बंद करू नका.

एक जुना उपाय मात्र अजून कामाचा आहे, तो पोटिसाचा. तळव्यात किंवा मांसल जागी काट्याचा तुकडा राहिला असावा, पू धरतोय असं वाटलं तर जवसाच्या पिठाचं किंवा गव्हाच्या कोंड्याचं गरम पाण्यात कालवलेलं पोटीस स्वच्छ कापडात बांधून लावतात. ऊब मिळून जागा मऊ होते, पू तोंडाशी येतो. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच गरम असावं, रोज नवं करावं, आणि दोन-तीन दिवसांपलीकडे लांबवू नये. सांध्याजवळच्या जखमेवर ते लावायचंच नाही.

दुखणं थांबावं म्हणून मेडिकलमधून गोळी किंवा इंजेक्शन आणून देण्याचा मोह होतो. डॉक्टर बघेपर्यंत थांबा. वेदना मारली की लंगडणं झाकलं जातं आणि नेमकी जागा सापडत नाही. माणसांचं डायक्लोफिनॅक तर जनावरांना देऊच नका. मेलेल्या जनावरांतून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं मरतात, म्हणून 2006 सालापासून जनावरांसाठी त्यावर देशात बंदी आहे.

काटा निघाला, जखम भरली, आणि पंधरा-वीस दिवसांनी तीच जागा पुन्हा फुगली, फुटली, वाहिली, पुन्हा भरली. असं दोनदा झालं की समजा, आत तुकडा आहे. प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांनी ते वाहणं काही दिवस थांबतं, कोर्स संपला की परत सुरू होतं; लाकूड आत असेपर्यंत ते थांबणार नाही. एक्स-रेमध्ये लोखंड दिसतं, बाभळीचा काटा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा पातळीवरच्या दवाखान्यात विचारा, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सगळं कागदावर लिहून ठेवा. कुठल्या तारखेला काटा लागला, काय काय दिलं.

पावसाळ्यात लागलेल्या काट्याचं वेगळं दुखणं असतं. माश्या बसून अळ्या पडतात, तेव्हा घाण वास येतो आणि घोडा ती जागा सारखी चावतो. दुसरं दुखणं घोडेवाले बरसाती म्हणून ओळखतात: माश्यांनी आणलेल्या कृमींमुळं जखम भरतच नाही, लाल मांस वर येत राहतं आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे पिवळे कडक दाणे दिसतात. दोन्हींवर डॉक्टरांकडं खात्रीचं औषध आहे. आपलं काम म्हणजे जखमेवर माशी बसू न देणं आणि लीद रोज दूर टाकणं. गुडघ्याखालच्या जखमेत मांस कातडीच्या वर फुगून आलं तर मोरचूद लावून जाळू नका, तेही दाखवा.

आणि एक सावधगिरी. पायाच्या आतल्या बाजूला, मांडीवर किंवा पोटावर गाठी एका रांगेत उठल्या, फुटल्या, त्यातून चिकट पिवळं पाणी वाहू लागलं, सोबत नाकातून पू येत असेल, ताप असेल, तर ते काट्याचं गळू नाही असं आधी धरून चाला. ग्लँडर्स नावाचा रोग असा दिसतो. तो माणसालाही होतो, जीवघेणा ठरू शकतो, आणि कायद्यानं कळवावा लागतो. 1899 सालीच त्यावर वेगळा कायदा झाला होता, आता तो 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली येतो. अशा घोड्याला उघड्या हातानं शिवू नका, त्याचं पाणी, तोबरा, खरारा दुसऱ्याला वापरू नका, यात्रेला किंवा वरातीला नेऊ नका. रक्ताचा नमुना तपासल्यावरच काय ते ठरतं.

खोगिराच्या सामानात एक लहान डबा असू द्या: टोकदार आणि चपटा असे दोन चिमटे, कात्री, पोव्हिडोन आयोडीन, मीठ, कापूस, गॉज, रुंद चिकटपट्टी, एक डायपर, हातमोजे, मार्कर, छोटी बॅटरी आणि थर्मामीटर. घोडा निरोगी असताना त्याचं तापमान घेऊन ठेवा. साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस सेल्सिअस असतं. विसाव्यात नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16. काटा लागल्यानंतर चार दिवस सकाळ-संध्याकाळ हे बघा. ताप साडेअडतीसच्या वर गेला, लंगडणं वाढलं, सूज वर चढली किंवा खाणं कमी झालं तर गावातल्या दवाखान्यात जा, नाहीतर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे. फोनवर सगळ्यात आधी घोडा आहे हे सांगा, मग काटा कोणत्या पायाला, सांध्यापासून किती बोटांवर, किती तासांपूर्वी लागला, अखंड निघाला की नाही, पाय टेकतोय का, आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली. वाडा मुक्काम हलवणार असेल तर पुढचा मुक्काम कुठं, तेही सांगून ठेवा. आणि काटा लागल्याची तारीख कुठंतरी लिहा, कारण पुढचे तीन आठवडे रोज एकदा त्या घोड्याचं तोंड वर उचलून डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा बघायचा आहे.